दीड ब्रास डबर आणि दहा इंच राहिलेला गडगा

मला फोन आला तेव्हा काम थांबून दोन दिवस झाले होते. घराच्या मागच्या उतारावर माती धरून ठेवायला कोरड्या रचाईचा गडगा घातला होता, तो ठरल्या उंचीच्या दहा इंच खाली अडला होता. डबर, म्हणजे रचाईचा ओबडधोबड दगड, संपला होता. पायवाटेखालची खडी चाळीसपैकी सव्वीस फुटांवर संपली होती. रंगीत गोट्यांचा ढीग मात्र वाफा भरूनही निम्मा उरला होता. एकाच वहीतल्या हिशेबातून दोन वस्तू कमी पडल्या आणि तिसरी दुप्पट आली.

ती वही मी नीट पाहिली. घरमालक काका हिशेबाला पक्के आहेत. लांबी, रुंदी, उंची, सगळं टेपने मोजलेलं, गुणाकारात एकही चूक नाही. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. गुणाकार चुकला असता तर तो दुरुस्त करून विषय संपला असता. इथे आकडे बरोबर होते आणि दगड तरीही कमी पडला.

काम काय होतं

गडगा ३६ फूट लांब. जमिनीवर अडीच फूट आणि जमिनीत अर्धा फूट, म्हणजे एकूण उंची ३ फूट. पायथ्याशी रुंदी दीड फूट, माथ्यावर एक फूट. सिमेंट नाही, दगडावर दगड बसवून, पुढची बाजू किंचित मागे कलती ठेवून रचायचा. खाली दोन फूट रुंद चरात अर्धा फूट खडी दाबून घ्यायची.

पायवाट ४० फूट लांब, ४ फूट रुंद, मधे एक वळण. वर ओबडधोबड आकाराची दोन इंची फरशी, खाली चार इंच दाबलेली खडी.

आणि झाडांभोवती एक वाफा, काजूगरासारख्या आकाराचा, त्यात २० मिलिमीटरचे रंगीत गोटे.

काकांनी मागवलं ते असं. गडग्यासाठी ३६ × ३ × १.२५ = १३५ घनफूट, म्हणून दीड ब्रास डबर; एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. चर आणि पायवाटेसाठी १०३ घनफूट, म्हणून एक ब्रास खडी. वाफ्यासाठी ८० घनफूट गोटे. फरशी अजून मागवायची होती, ते बरंच झालं.

गडग्याच्या हिशेबात त्यांना उलट पंधरा घनफूट जास्तीचे वाटत होते. त्यातून बसायला एखादा चौथरा करून घ्यावा, असं त्यांनी मिस्त्रींना सांगूनही ठेवलं होतं.

घनफूट कुठला?

दगडाचं माप तीन ठिकाणी तीन प्रकारचं असतं. खाणीत तो भरीव असतो. गाडीत तो सैल असतो, दगडादगडात हवा असते. जागेवर रचून किंवा दाबून झाल्यावर ती हवा कमी होते, पण जात नाही. तिन्ही मापांना आपण ‘घनफूट’च म्हणतो आणि घोटाळा तिथेच होतो. काकांनी काढलेले १३५ घनफूट रचलेल्या गडग्याचे होते. गाडीत आले ते १५० घनफूट सैल डबराचे. हे दोन आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही.

काकांना हे तोंडी सांगून पटलं नसतं. मलाही कुणी नुसतं सांगितलं असतं तर पटलं नसतं. म्हणून आम्ही बादली घेतली.

वीस लिटरची बादली खडीने काठोकाठ भरली, वरून फळी फिरवून सपाट केली. मग लिटरच्या मापाने त्यात पाणी ओतत गेलो. पहिले चार-पाच लिटर कुठे गेले ते दिसलंही नाही. सातव्या लिटरला खडीच्या फटींतून पाणी चमकायला लागलं. ८.६ लिटरला ते काठावर आलं. वीस लिटर खडीत ८.६ लिटर हवा, म्हणजे ४३ टक्के. खरा दगड ११.४ लिटर. ती खडी काढून वाळवली आणि वजन केलं, ३२ किलो भरली. ३२ ला ११.४ ने भागलं की २.८ येतात; काळ्या बेसॉल्टची भरीव घनता तेवढीच असते, पाण्याच्या पावणेतीन-तीन पट. दोन्ही बाजूंनी हिशेब जुळला.

मोठ्या डबराची अशी चाचणी बादलीत होत नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दगड कोनाकोनाचा आणि साधारण एकाच मापाचा असेल तर पोकळीचं प्रमाण तो किती मोठा आहे यावर फारसं ठरत नाही. वाटाण्याएवढा असो की नारळाएवढा, टाकलेल्या ढिगात चाळीस-पंचेचाळीस टक्के हवा राहतेच. लहान-मोठा दगड मिसळला की लहान दगड मोठ्यांच्या फटींत बसतात, तेव्हाच ती कमी होते. म्हणून डबरासाठीही ४३ टक्केच धरले.

आता गडगा. चांगल्या हाताने रचलेल्या कोरड्या भिंतीतसुद्धा वीस ते पंचवीस टक्के पोकळी राहते. पोटात चिपा आणि लहान दगड घट्ट भरले तरी राहते. मी पंचवीस धरली. गाडीतल्या १०० घनफुटांत ५७ घनफूट खरा दगड. रचल्यावर त्याचे ५७ ÷ ०.७५ = ७६ घनफूट होतात. उलटं सांगायचं तर गडग्याच्या एका घनफुटाला गाडीतला सव्वा ते दीड घनफूट दगड लागतो. आमच्या आकड्यांनी १.३२.

दीड ब्रासमधून त्यामुळे ११४ घनफूट गडगा निघायला हवा होता. प्रत्यक्षात त्याहून कमी निघाला, कारण एका कोपऱ्यात मिस्त्रींनी बाजूला टाकलेला ढीग होता, पाच फूट बाय तीन फूट, फूटभर उंच. सगळे गोलसर दगड. सिमेंटच्या बांधकामात ते चालून जातात. कोरड्या रचाईत दोन बाजूंना तरी सपाट बूड लागतं, नाहीतर वरचा दगड डुगडुगतो. गाडीचा दहावा हिस्सा असा गेला. उरल्या दगडातून झाला सुमारे १०३ घनफूट. राहिला ३२. वरून खाली मोजत गेलं तर बत्तीस घनफूट म्हणजे गडग्याचे वरचे दहा इंच. टेप लावली, दहाच भरले.

यात मला सगळ्यात हळहळ वाटली ती एका कागदाची. डबराच्या गाडीची वजनकाट्याची पावती काकांच्या फाइलीत होती. निव्वळ वजन ६.८ टन. टनाला पोकळी कळत नाही, तो फक्त दगड मोजतो. ६.८ ला २.८ ने भागलं की २.४३ घनमीटर भरीव दगड, म्हणजे ८६ घनफूट. त्याला ०.७५ ने भागलं की ११४ घनफूट गडगा. पहिला दगड बसवण्याआधीच हा आकडा फाइलीत तयार होता. तेव्हापासून मी मापाने घेतलेल्या मालाचंही वजन विचारते.

मापाने घ्यायचा असेल तर गाडीचा हौदा आतून मोजावा. ही गाडी दहा बाय सहा बाय अडीच फुटांची, बरोबर १५० घनफूट. वाटेत हादऱ्यांनी माल बसतो, निघताना काठापर्यंत असलेला घरी पोचेपर्यंत दोन-तीन इंच खाली जातो. त्यात दगड कमी झालेला नसतो, हवा कमी झालेली असते. पण हौदा मोजला नसेल तर कुठल्या मापावर बोलायचं हेच ठरत नाही आणि गाडीवाल्याशी विनाकारण वाद होतो.

मोजून नव्हे, नग धरून

मी गडग्यापाशी उभी असताना मिस्त्रींनी विचारलं, “ताई, दगड येईल तो येईल, पण माथ्याला काय बसवू? सपाट एकही उरला नाही.”

हा प्रश्न आकारमानाच्या हिशेबात कधीच येत नाही. माथ्यावरचे दगड सपाट, जड आणि गडग्याच्या पूर्ण रुंदीचे लागतात. खालच्या सगळ्या रचाईला ते दाबून धरतात. ३६ फूट लांबीला दीड-दीड फुटाचे धरले तर चोवीस नग, सव्वा-सव्वा फुटाचे धरले तर एकोणतीस. गाडी रिकामी झाली की पहिल्याच दिवशी असे दगड निवडून वेगळे ठेवायचे असतात. ते न झाल्याने चांगले सपाट दगड तिसऱ्या-चौथ्या थरातच खपले होते.

आरपार दगडांचंही तेच. साधारण मधल्या उंचीवर, दर तीन फुटांना एक, पुढच्या तोंडापासून पाठीपर्यंत पोचणारा लांब दगड घालावा लागतो. तो दोन्ही बाजू एकमेकींना बांधतो. नाहीतर गडगा पोटातून फाकतो. बारा लागणार होते. त्या ढिगात मिस्त्रींना दीड फुटी पाचच सापडले, आणि काम अडायला नको म्हणून पाचावरच ते वर गेले होते. आता ती जागा वरच्या थरांखाली झाकली गेली होती.

मी सात ठिकाणी थर उतरवायला सांगितलं. काकांना ते जड गेलं. तयार दिसणारी भिंत उतरवायची म्हणजे कुणालाही जड जातं. मिस्त्री मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांना ती उणीव पहिल्यापासून ठाऊक होती. त्यांनी दगड उतरवून ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने जमिनीवर मांडून ठेवले. नवे लांब दगड आल्यावर प्रत्येकाला आधी कोरडा बसवून पाहिलं, हाताच्या तळव्याने एका टोकाला दाबून डुलतो का बघितलं, डुलला तर खालून एक पातळ चीप सरकवली, मग पुन्हा दाबलं. सात दगडांना अख्खी दुपार गेली.

मागच्या बाजूचा प्रश्न तर वहीत नव्हताच. मातीत पाणी मुरलं की त्याचा दाब गडग्यावर येतो. म्हणून गडगा आणि माती यांच्यामध्ये फूटभर जाडीची धुतलेली ४० मिलिमीटरची खडी आणि मातीच्या बाजूला जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) कापड लागतं. जमिनीवरच्या अडीच फुटांपैकी वरचा अर्धा फूट मातीला सोडून ३६ × २ × १ = ७२ घनफूट. एकाच मापाची खडी ठोकून फारशी बसत नाही, सात-आठ टक्के वाढीव पुरते, ७८ घनफूट. जवळजवळ पाऊण ब्रासची वस्तू यादीत नव्हती, कारण ती काम झाल्यावर दिसत नाही. न दिसणाऱ्या दगडांचीच नोंद हमखास राहते, असा माझा अनुभव आहे: पायाखालचा, पाठीमागचा, फरशीखालचा.

काकांनी विचारलं, उरलेले गोटे मागे भरले तर? विचारणं रास्त होतं, पण मी नको म्हटलं. गोल गोटे एकमेकांवरून घरंगळतात; कोनाकोनाची खडी एकमेकींत अडकून स्वतःचा बराच भार स्वतःच पेलते. गोट्यांनी निचरा झाला असता, पण गडग्यावरचा दाब वाढला असता.

सव्वीस फुटांवर संपलेली खडी

इथला हिशेब सोपा. चराला ३६ × २ × ०.५ = ३६ घनफूट, आणि पायवाटेखाली दोन्ही कडांना अर्धा-अर्धा फूट जास्त धरून ४० × ५ × ४ इंच, म्हणजे ६७ घनफूट. एकूण १०३. पण हे माप दाबून झाल्यानंतरचं. भुकटीसकट लहान-मोठी मिसळलेली खडी प्लेट कॉम्पॅक्टर (खडी ठोकून दाबणारं यंत्र) फिरला की पाचवा हिस्सा खाली बसते. १०० घनफूट आली, दाबून ८० झाली. चरात ३६ गेली, उरली ४४, आणि पायवाटेच्या एका फुटाला १.६७ घनफूट लागतात. चव्वेचाळीसला त्याने भागा: सव्वीस. पायाला लागणाऱ्या अशा मिश्र खडीला १.२५ ने गुणूनच मागणी द्यावी. उरल्या चौदा फुटांना २३ दाबलेली, म्हणजे २९ सैल.

फरशीखालच्या एक इंच कचेला (दगडाच्या बारीक चुऱ्याला) आणि सांध्यांना मिळून २० घनफूट धरली. कच ओलसर असताना मापाने घेऊ नये. बारीक दाणा थोड्याशा ओलीने फुगतो; वाळूत तर पाचेक टक्के ओलीला चौथा हिस्सा फुगवटा येऊ शकतो. मापाने घेतली तर हवा विकत घेता, वजनाने घेतली तर पाणी. कोरडी मिळत असेल तर एखादा दिवस थांबलेलं बरं.

गोटे दुप्पट का आले

काकांनी वाफ्याची सगळ्यात मोठी लांबी २४ फूट आणि सगळ्यात मोठी रुंदी १३ फूट घेतली. ३१२ चौरस फूट. जाडी ३ इंच धरली, म्हणजे ७८ घनफूट.

आम्ही मधून एक दोरी ताणली आणि दर चार फुटांवर आडवी रुंदी घेतली. ०, ९, १३, १०, १२, ८, ०. मधला दहाचा आकडा म्हणजे वाफ्याची कंबर. बेरीज ५२, गुणिले ४, म्हणजे २०८ चौरस फूट. वाकड्या कडांचं क्षेत्रफळ काढायच्या सिम्पसनच्या नियमानेही करून पाहिलं, २११ आले. बागकामाला एवढा फरक म्हणजे काहीच नाही. चार फुटांच्या अंतराने मोजायला आम्हाला दहा मिनिटंही लागली नाहीत, आणि तेवढ्यात शंभर चौरस फूट हिशेबातून गळाले.

जाडीचाही प्रश्न होता. थराची जाडी गोट्याच्या मापाच्या किमान दुप्पट असावी, म्हणजे खालचं कापड दिसत नाही. २० मिलिमीटरच्या गोट्याला दोन इंच पुरतात. त्याहून जाड थरात पाय रुततो, चालताना त्रास होतो. २१० चौरस फूट, दोन इंच: ३५ घनफूट, दहा टक्के वाढीव धरून ३९. मिस्त्रींनी वाफा दोन इंचांचा करून थांबवला होता ते योग्यच होतं.

फरशी

फरशी टनावर मिळत होती. इथे मात्र मी टन नको म्हटलं. गडग्यात टन खरं बोलतो. फरशीत तो जाडीमागे लपतो. घनता २.६ धरली तर दोन इंची फरशी टनाला ८१ चौरस फूट पडते आणि अडीच इंची ६५. ओबडधोबड फरशीची जाडी तुकड्यागणिक बदलते, अर्ध्या इंचाने पायवाटेचा पाचवा हिस्सा कमी होतो. आम्ही जमिनीवर पसरून क्षेत्रफळावर घेतली.

वळणाची काळजी करायची गरज नव्हती. रुंदी सारखी असेल तर वळणदार वाटेचं क्षेत्रफळ मधल्या रेषेची लांबी गुणिले रुंदी एवढंच येतं. फक्त टेप आतल्या किंवा बाहेरच्या कडेने धरू नये. १६० चौरस फूट, दहा टक्के तुटीसाठी, १७६. सांध्यांमुळे फरशी थोडी वाचते, पण ती बचत मी हिशेबात धरत नाही. आकार जुळवताना कापण्यात ती निघून जाते. आणि सगळी एकाच खेपेत घेतली. दुसऱ्या खेपेच्या फरशीचा रंग थोडा तरी वेगळा येतोच, आणि वाटेच्या मधोमध तो जोड कायम दिसत राहतो. खडी कमी पडली तर आणता येते, म्हणून ती मी बेताची मागवते. फरशी आणि रंगीत गोटे यांना तसं करता येत नाही.

दुसरी मागणी

गडग्याच्या राहिलेल्या ३२ घनफुटांतून माथ्याचे दगड ३६ × १ × ५ इंच, म्हणजे १५ घनफूट, ते नग धरून वेगळे घेतले. उरलेल्या १७ ला १.३२ ने गुणलं, दहावा हिस्सा गोल दगडांसाठी वाढवला: २५ घनफूट, पाव ब्रास. आरपार दगड सात. धुतलेली ४० मिलिमीटर खडी ७८ घनफूट, मिश्र खडी २९, कच २०. डबर उतरताना मी हजर राहिले आणि मिस्त्रींनी तिथेच तीन ढीग केले: माथ्याचे, तोंडाचे, पोटात भरायचे.

गडगा पूर्ण झाल्यावर मिस्त्रींच्या बाजूला तोंडाचे चार-पाच दगड उरले. फरशीचे नऊ तुकडे उरले, ते काकांनी नळाखाली आणि पायरीपुढे बसवून घेतले. गोल दगडांच्या ढिगातले मोठे दगड झाडांभोवती ठेवले, प्रत्येक दगडाचा तिसरा हिस्सा जमिनीत पुरून. उरलेल्या चाळीस घनफूट गोट्यांपैकी काही छपराच्या पागोळ्यांखाली, जिथे पाणी पडून माती उडायची तिथे, पसरले. तरीही तीसेक घनफूट राहिले आहेत. ते कुंपणाच्या कडेला कापडावर रचून ठेवले आहेत, आणि काकांनी वहीत त्यांच्यापुढे लिहून ठेवलंय: ‘सैल, ढिगात मोजलेले.’